कडुलिंबाखालचं तापमान

मला हवामानात रस नाही. ऊन असलं तर छत्री, पाऊस असला तर रेनकोट, थंडी असली तर स्वेटर, एवढ्यावर माझं भागतं. सोलापुरात थंडीचं फार कौतुक करण्यासारखं काही नसतंही. ती येते, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा बघते आणि निघून जाते. उरलेलं वर्ष ऊन. तरी फेब्रुवारी अर्धा सरला की मी सकाळी गॅलरीत उभी राहून वारा कुठून येतोय ते बघते. नवऱ्याला हे अजून विचित्र वाटतं. मलाही वाटतं. ही सवय मुळात मठपती सरांची. ते गेले आणि ती माझ्याकडे राहिली, कुणी घरी डबा विसरून जावं तशी.

मठपती सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मी त्याच शाळेच्या ऑफिसात, तेव्हाही आणि आताही. शाळा शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्तीत. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून फाटक दिसतं आणि फाटकाच्या आतल्या भिंतीवर एक काळा फळा. बाकीच्या शाळांत अशा फळ्यावर सुविचार लिहितात. आमच्या फळ्यावर हवामान असायचं. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी सर खडू घेऊन उभे राहायचे. 'आज पहाटे गारवा कालच्याहून कमी. वारा पूर्वेचा, मंद. आकाश निरभ्र.' खाली थर्मामीटरचा आकडा, आणि त्याच्याही खाली एखादी ओळ, जिचं काय करायचं ते कुणालाच कळायचं नाही. 'भोरड्यांचा मोठा थवा मंगळवेढ्याच्या दिशेने गेला. ज्वारीत दाणा भरला असावा.' किंवा 'गल्लीतील शेवगा फुलला.' दुपारच्या सुट्टीनंतर परत यायचे, दुपारचा आकडा लिहायचे आणि हातावरचा खडू झटकत वर्गावर जायचे.

फळ्यावर भाषा पुस्तकी, तोंडात मात्र मैंदर्गी. गाव अक्कलकोटच्या पुढचं, घरात कानडी, बाहेर मराठी. पोरांना नकाशा दाखवतानासुद्धा 'हितं बघा, हितं डोंगर हाय, तितं न्हाय' असंच चालायचं. माणूस उंच, काटकुळा. कपाळावर भस्माचे पुसट पट्टे. दिवाळी झाली की गळ्यात एक तपकिरी मफलर यायचा आणि तो महाशिवरात्रीपर्यंत उतरायचा नाही, मग घाम का फुटेना. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात, त्या म्हणीला सर कायद्यासारखे बांधलेले होते. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ते मोकळ्या गळ्याने यायचे. पोरं फाटकाशी वाट बघत थांबलेली असायची. 'मफलर गेला' ही बातमी वर्गावर्गात फिरायची आणि आमच्या शाळेत त्या दिवसापासून उन्हाळा धरायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, थर्मामीटर तर कधीचा म्हणतोय थंडी संपली. तुम्ही अजून गुंडाळून बसलाय."

"थर्मामीटरला गळा कुटं असतोय, जाधवबाई," ते म्हणाले.

वाऱ्यावर त्यांचं विशेष लक्ष. हिवाळाभर पूर्वेकडून येणारा वारा एखाद्या सकाळी पश्चिमेकडून यायला लागतो. आपल्याला कळतही नाही. सर प्रार्थना संपल्यावर मान वर करून जरा थांबायचे आणि रांगांकडे बघून म्हणायचे, "गाळी फिरली." गाळी म्हणजे कानडीत वारा. आमची निम्म्याहून जास्त पोरं घरी तेलुगू बोलणारी, त्यांच्याकडेही वाऱ्याला जवळपास हाच शब्द, गाली. त्यामुळे सगळ्या शाळेत सरांची ही एकच गोष्ट पोरांना समजावून सांगावी लागली नाही.

गड्ड्याच्या यात्रेत एका वासराला दिवसभर उपाशी ठेवतात. मग त्याच्यापुढे धान्य, गूळ, पानसुपारी मांडतात आणि ते कशाला तोंड लावतंय, बुजतंय की शांत राहतंय, यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. सर ही भाकणूक ऐकायला दर वर्षी जायचे. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्याचा वृत्तांत, वेधशाळेचा अंदाज सांगावा तितक्याच गंभीरपणे. विज्ञानाच्या बाई त्यांना चिडवायच्या, "सर, भूगोल शिकवता आणि वासरावर विश्वास ठेवता?"

"ते दिवसभर उपाशी असतंय, बाई. उपाशी जिवाला खोटं बोलायची ताकद नसती."

"आणि वेधशाळा?"

"ती जेवून बसलेली असती की."

पुढे वर्षभर ते दोघांवरही लक्ष ठेवायचे आणि पुढच्या गड्ड्याला निकाल सांगायचे, 'यंदा वासरू हरलं.' स्वतः मात्र अंदाज सांगायचे नाहीत. एका मार्चमध्ये मी कुरडयांसाठी गहू भिजवून बसले होते. त्यांना विचारलं, उद्या घालू का? म्हणाले, "आजचं इचारा. उद्याचं वासराला." मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा वैतागून म्हणाले, "बरं, घाला की." घातल्या. दुपारी कुठून तरी ढग आले, शिंतोडे पडले आणि गच्चीवरचा सगळा चीक आंबून गेला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं, 'काल दुपारी ढग व तुरळक थेंब. अंदाज चुकला.' कुणाचा अंदाज, कुणाच्या कुरडया, काही नाही. सुट्टीत त्यांनी माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. त्यांच्या बायकोच्या हातच्या, मागच्या वर्षीच्या कुरडया होत्या.

"भाकीत आपलं काम न्हवं," ते म्हणाले. "जे हाय ते लिवायचं. तेवढंच जमतंय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं. जे हाय ते लिवायचं.

तो थर्मामीटर एका पांढऱ्या पेटीत असायचा. चार पायांवर उभी, चारही बाजूंना झडपा, म्हणजे आत वारा जाईल पण ऊन जाणार नाही. पोरं तिला 'सरांचं खुराडं' म्हणायची. पेटी आधी मैदानाच्या मधोमध होती. नियम तसाच असतो म्हणे, जागा मोकळी हवी, भिंत नको, झाड नको. मग तुकड्या वाढल्या, खोल्या पुरेनात आणि संस्थेने मैदानावर पत्र्याचे वर्ग उभे केले. पेटीला जागा उरली नाही. शिपाई ती अडगळीत टाकायला निघाला होता. सरांनी ती स्वतः उचलून कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली, पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवली. ती टाकी भरली की वाहायची, तिथली माती कायम ओली. सर पेटीभोवती बराच वेळ फिरत होते. मी खिडकीतून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काय न्हाय. चालतंय." त्या सावलीत एक मांजर येऊन झोपायचं. पेटीच्या बरोबर खाली. त्या मांजराकडे आम्ही कुणी नीट बघितलं नाही, एवढंच.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी शिवरात्रीच्या आधीच ऊन पेटलं. कडुलिंबाची पानं पिवळी होऊन ढिगाने पडत होती, नवी फुटलेली नव्हती. हे झाड गरजेच्या वेळी अंग काढून घेतं, पण इतक्या लवकर नाही घेत. पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवत नव्हतं. शिक्षक दारात उभं राहून शिकवायचे, पोरं वहीने वारा घालायची. सकाळची शाळा करा अशी शिक्षकांची मागणी आली.

आमचे हेडसर तेव्हा नवीन होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांची अडचण खरी होती. इथल्या आया सकाळी कामाला बाहेर पडतात. कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी वळलेल्या विड्या द्यायला. सकाळची शाळा म्हणजे पोरं भर दुपारी सुटणार आणि कुलूप लावलेल्या घरासमोर उन्हात बसणार. आदल्या वर्षी याच कारणावरून आया भांडायला आल्या होत्या. दोन्ही बाजूंनी बोलणी खायची वेळ आली, तेव्हा हेडसरांना फळा दिसला.

"आपल्याकडे शास्त्रीय साधन आहे," ते स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले. "मठपती सरांचा आकडा अडतीसला गेला की दुसऱ्या दिवसापासून सकाळची शाळा. तोवर नाही. कुणाचा वाद नको."

वाद खरंच मिटला. मी तशी नोटीस काढली. सरांकडे बघितलं तर ते ताठ बसले होते. इतकी वर्षं रोज लिहिलेला आकडा पहिल्यांदाच कुणाला तरी हवा होता. दुसऱ्या दिवशी ते नवा खडू घेऊन आले आणि आकडा नेहमीपेक्षा मोठा काढला.

मग सुरू झालं. दुपारची सुट्टी संपली की पोरं फळ्यापुढे गोळा व्हायची, क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी. सदतीस. साडेसदतीस. परत सदतीस. आकडा लिहिला की एक सुस्कारा निघायचा आणि पोरं पत्र्याखाली परत जायची. सरांचा ताठपणा आठवड्यातच उतरला. लिहून झालं की ते मागे न बघता निघायचे.

आठवी ब पत्र्याच्या वर्गांत शेवटची, टाकीपासून सगळ्यात लांब. तिथे भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी होती. सगळे भागी म्हणायचे. अंगाने किरकोळ, तोंडाने नाही. एका दुपारी पेटीचं दार उघडून ती थर्मामीटरच्या फुग्याला उन्हात तापलेला पत्र्याचा तुकडा लावून उभी होती. सरांनी पकडलं आणि मनगटाला धरून थेट ऑफिसात आणलं. सर पोरांवर हात उगारायचे नाहीत. त्या दिवशीही उगारला नाही, पण इतके चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"आकडा खोटा करनं म्हंजे चोरी हाय," ते म्हणाले. "समजलं का तुला? चोरी."

"मग वर्गात आणून बघा की, सर," भागी म्हणाली. "आमच्याकडं. तितं तर मांजर झोपतंय."

"गप. नियम असतोय त्याला. सावलीत ठेवायचा असतोय, वारा लागंल असा."

"आमाला कुटं लागतोय वारा?"

मला हसू आलं होतं. सरांना आलं नाही. त्यांनी तिला वर्गात पाठवलं, माझ्याकडून एक लहान कुलूप मागून घेतलं आणि पेटीला लावलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात, इष्टलिंगाच्या दोऱ्याशेजारी.

कुलूप लागल्यावर दोन-तीन दिवसांतच भागी पडली. दुपारी, बाकावरून सरळ खाली. बाकाचा कोपरा कपाळाला लागला. चक्कर आलेल्या मुलीला चार शिंतोडे मारले की ती उठते, असा आमचा सगळ्यांचा अनुभव. ही उठली नाही. अंग तव्यासारखं आणि घाम अजिबात नाही. मी रिक्षा बोलावली, तिला मांडीवर घेतलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. कपाळाला टाके पडले, सलाईन लागलं. संध्याकाळी तिने डोळे उघडून आईला ओळखलं, तेव्हा मी शाळेत परत आले, कारण माझी पर्स तिथेच राहिली होती.

शाळा सुटलेली. फळ्यावर त्या दुपारचा आकडा तसाच होता. अडतीसला थोडा कमी.

सर कडुलिंबाखाली, टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. मी सांगितलं, मुलगी शुद्धीवर आहे. त्यांनी मान हलवली. मांजर पायाशी होतं.

"जाधवबाई, हितं बसा जरा."

"मला घरी स्वयंपाक आहे, सर."

"बसा की. हाताला काय लागतंय बघा."

मी बसले. कट्टा गार होता. टाकीतून पाणी झिरपत होतं, ओल्या मातीवरून येणारा वारासुद्धा गार.

"आख्ख्या शाळेत सगळ्यात गार जागा ही," सर म्हणाले. "मला म्हाईत होतं. पेटी हितं आणली तवाच म्हाईत होतं, की आता आकडा कमी येनार. पेटी फेकत होते. म्हनलं, जरा कमी येऊ दे, पर नोंद चालू ऱ्हाऊ दे. कुनाचं काय अडतंय? फळ्यावरचा आकडा, त्याच्यावर कुनाची भाकरी हाय?"

त्यांनी गळ्यातली किल्ली काढून मुठीत धरली.

"आन त्या पोरीला मी चोर म्हनलं."

मग पेटीकडे बघत ते म्हणाले, "जे हाय ते लिवायचं म्हनत होतो. कुनी बसत न्हाय तितलं लिवत होतो."

मी म्हटलं, "उद्या पेटी हलवा." ते म्हणाले, "पेटी नगं. पेटी असू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं, थर्मामीटर बाहेर घेतला आणि आठवी ब मध्ये खिडकीच्या खिळ्याला टांगला, पोरांच्या डोक्याच्या उंचीवर. दुपारी फळ्यावर दोन ओळी होत्या. 'कडुलिंबाखाली' आणि एक आकडा. 'आठवी ब' आणि दुसरा. दुसरा इतका मोठा होता की पोरं आधी हसली. मग मागे वळून आठवी ब कडे बघायला लागली.

हेडसर फळ्यापाशी आले. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"सर, हे काय आहे? तुम्हीच सांगत होता ना, सावली हवी, मोकळी हवा हवी. हे शास्त्रात बसतं का?"

"न्हाय बसत."

"मग? बाहेरच्या कुणी बघितलं तर काय म्हणेल? याला हवामान म्हणतात का?"

"न्हाय म्हनत," सर म्हणाले. "हवामान न्हवं हे. वर्ग हाय."

हेडसर थोडा वेळ दुसऱ्या आकड्याकडे बघत राहिले. मग ऑफिसात येऊन मला म्हणाले, "नोटीस काढा. उद्यापासून सकाळची." पुढे दोन आयांना लक्ष ठेवायची विनंती करून त्यांनी दुपारी पोरांना बसायला व्हरांडाही उघडा ठेवला. आधीच सुचलं असतं तर, असं म्हणायला सोपं आहे. मलाही सुचलं नव्हतं, आणि व्हरांड्याच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात.

भागी मात्र आली नाही. कपाळाचे टाके निघाले, रंगपंचमी झाली, तरी बाक रिकामा. एका शनिवारी सर ऑफिसात आले. "घरी जाऊन येऊ. वडील बाहेरगावी असतात म्हनं. बाईमानूस संगं असलं तर बरं." पिशवीत थर्मामीटर होता. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "तिच्या आईला दाखवायचं. वर्गात आता सकाळी किती गार असतंय ते सांगतो. आकडा बघून पटंल."

सरांची ही शेवटची भोळी कल्पना. आकडा बघून पटेल.

घर म्हणजे एक खोली, वर पत्रा. दारात चपलांच्या शेजारी भिजवलेल्या पानांचं गाठोडं. भागी आणि तिची आई समोरासमोर बसलेल्या, दोघींच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. हात आमच्याशी बोलतानासुद्धा थांबले नाहीत. छताला पंखा होता, पण बंद. मी बटणाकडे हात नेला तर भागी म्हणाली, "नको बाई, तंबाखू उडते."

सरांनी थर्मामीटर काढून भिंतीच्या खिळ्याला अडकवला आणि बोलायला लागले. शाळा आता सकाळी आहे, पोरीला डोकं आहे, आठवीत सोडून चालणार नाही. आई ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "ते काय लावलंय, सर?"

सर उठून बघायला गेले आणि बघतच राहिले. आठवी ब पेक्षा जास्त होतं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"किती हाय?" आईने विचारलं.

सरांनी सांगितलं. खोटं सांगता आलं नसतं त्यांना.

"मग?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "शाळेत गरम हुतंय म्हनून तुमी शाळा सकाळी केली. चांगलं केलं. आमी कुटं जायचं, सर? आमी हितंच असतो की. तितं पडली तर तुमी रिक्षा केली. हितं पडली तर मी हाय. हितं बसली तर दोन पैसे तरी येतात."

सर उभेच होते. घाम भस्मातून खाली ओघळत होता. मी काय ते शाळेच्या हजेरीचं, परीक्षेचं बोलले. आईने मान हलवली, हो म्हणाली नाही. निघताना मी म्हटलं, "सर, थर्मामीटर."

"असू दे," ते म्हणाले. मग भागीकडे वळले. "मी तुला चोर म्हनलो हुतो."

"व्हय," भागी म्हणाली. हातातली विडी तिने टोकं दुमडून बाजूला ठेवली आणि दुसरं पान घेतलं.

रस्त्यात मी त्यांना म्हटलं की थर्मामीटर शाळेच्या डेडस्टॉकच्या वहीत आहे, तपासणीत मला विचारतील. "फुटला म्हनून लिवा," ते म्हणाले. ज्या माणसाने कधी अर्धा अंश इकडचा तिकडे केला नाही, त्याने हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने नवा आणला. मी फुटला म्हणून लिहिलं.

भागी परत आली नाही. ठरलेली मुदत गेल्यावर मी तिचं नाव कमी केलं. ते माझं काम आहे.

निवृत्त होईपर्यंत सर फळ्यावर दोन ओळी लिहीत राहिले, कडुलिंबाखाली आणि वर्गात. आणखी एक नवीन प्रथा त्यांनी सुरू केली. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मफलर काढायचा, धोतर वर खोचावं तशी पँट दुमडायची आणि शिडी लावून पत्र्यावर चढायचं. पांढऱ्या चुन्याचा हात दिला की पत्रा कमी तापतो, असं त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं. खरंच थोडा फरक पडायचा. फार नाही. पहिल्या पावसात तो चुना धुऊन जायचा आणि पुढच्या शिवरात्रीला सर परत वर. भविष्य न सांगणारा, नुसतं लिहिणारा माणूस आता बादली घेऊन छपरावर फिरायचा आणि खालून हेडसर ओरडायचे, "सर, पडाल, माझ्यावर येईल." फळ्यावरच्या त्या तिसऱ्या ओळी मात्र बंद झाल्या. भोरड्या नाहीत, शेवगा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वर बघायला येळ न्हाय, बाई."

ते निवृत्त झाल्यापासून फळ्यावर प्रवेशाच्या सूचना लागतात. पेटीत शिपाई झाडू ठेवतो. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही, झाडूला जागा हवीच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी. शिवरात्र होऊन आठवडा झाला होता आणि दुपारचं ऊन चटके देत होतं. बँकेत जायचं म्हणून मी स्कूटरवरून भागीच्या वस्तीतला जवळचा रस्ता धरला. गल्लीत दोन्ही बाजूंना गंजलेले तांबडे पत्रे. त्यांत एक पत्रा अर्धा पांढरा. त्यावर एक बाई ओढणी डोक्याला गुंडाळून, बादलीत कुंचला बुडवून हात मारत होती. कपाळावरच्या खुणेवरून मी तिला ओळखलं.

खाली शिडी धरून मठपती सर उभे होते. निम्मे राहिले होते. पोटाचं काही तरी झालं आहे हे मी ऐकून होते, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. शिडी त्यांनी धरली होती की शिडीने त्यांना, सांगता येत नव्हतं. आणि गळ्यात मफलर होता. त्या उन्हात, दोन वेढे घालून.

मी स्कूटर बंद केली, पण उतरले नाही. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते वर बघत होते.

"गाली फिरली की, सर," भागी वरून म्हणाली. "शिवरात्र बी झाली. मफलर काढा आता."

"फिरली?"

"कधीच. तुमाला कळलं न्हाय?"

सरांनी मान वर केली, प्रार्थनेनंतर करायचे तशी, आणि जरा थांबले.

"न्हाय," ते म्हणाले. "मला गारच लागतंय अजून."

भागीने हात थांबवून खाली बघितलं. मग कुंचला परत बुडवला.

"आत किती हाय बघून सांगा," ती म्हणाली. "इकडचा कोपरा राहिलाय तवर."

सर शिडी सोडून, भिंतीला धरून धरून, आकडा बघायला आत गेले. ते त्या दारातून बाहेर येईपर्यंत मी थांबायला हवं होतं. पण बँक बंद व्हायची वेळ झाली होती. मी स्कूटर चालू केली.